खाडीच्या पुलावरील पहिल्या मानाची बखर

श्रीगजानन, ग्रामदेवता, कुलस्वामिनी, आणि रस्त्यातील खड्डे चुकवून रयतेस सुखरूप घरी पोहोचविणारी जी कोणी अदृश्य शक्ती असेल ती, या सर्वांस दंडवत घालोन लिहिणार लिहितो ऐसे जे, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, भाद्रपद मासी, एका थोर राज्यात एक पूल बांधून पुरा होऊनही बंद होता, तो चालता कैसा जाहला त्याचा मजकूर येणेप्रमाणे. राज्याचे नाव कोणी विचारू नये. ज्यास ओळख पटेल त्याने गालात हसावे आणि गप्प राहावे.

त्या राज्यात समुद्रकाठी एक रुंद खाडी होती, आणि ऐलतीरी भिकाजी मेस्त्री नामे मूर्तिकार राहात होते. गणपतीची शाळा त्यांचे घरी पिढ्यानपिढ्या चालत आली. तेथील रीत ऐशी की, श्रावण लागला म्हणजे घरोघरच्यांनी आपला लाकडी पाट शाळेत आणोन द्यावा, आणि मेस्त्रींनी त्या घरची मूर्ती त्याच पाटावर घडवावी, कोणाची मोरावर बसलेली, कोणाची लोडास टेकलेली, जैशी आज्याने नेली तैशीच नातवाने न्यावी. आणि मूर्ती एकदा पाटासकट डोईवर घेतली म्हणजे घरचा उंबरठा येईतो वाटेत भुईस टेकवू नये. पैलतीरीचेही चाळीसेक पाट भिकाजींकडे येत, आणि तृतीयेस ती मंडळी होडीत बसोन येत, बाप्पास डोईवर घेत आणि मोरया मोरया करीत परत जात. ऐसे सुखाने चालले असता दरबाराच्या मनात रयतेचे कल्याण करावे ऐसे आले, आणि मग सुख संपले.

दरबाराने खाडीवर पूल मांडिला. भूमिपूजन तीन वेळा जाहले, कारण की तितुक्या वेळा राज्य पालटले. सरदार मात्र तेच, निशाणे तेवढी नवी. अखेर पूल उभा राहिला, आणि बरा उभा राहिला, खोटे कशास बोलावे. मग हुकूम आला की, पूल पुरा जाहला सबब होडीचा ठेका रद्द. आणि त्याच टपालाने दुसरा हुकूम आला की, उद्घाटन जाहले नाही सबब पुलावर कोणी पाऊल ठेवू नये. म्हणजे होडी पुलामुळे गेली आणि पूल फितीमुळे गेला, आणि रयत खाडीच्या काठावर तोंड वासोन उभी राहिली. अहो, शत्रू चालोन आला असता तरी इतुकी कोंडी करिता ना!

उद्घाटन का होईना, तर मानपानामुळे. ऐलतीरचे सरदार म्हणाले, "निधी आम्ही आणिला, फीत आमच्या तोंडास कापावी." पैलतीरचे सरदार म्हणाले, "मंजुरी आमची, फीत आमच्या तोंडास." दोघे एकाच दरबारचे, एकाच पंक्तीस जेवणारे, परंतु डोळा एकमेकांच्या ताटावर. मग शहाण्या कारभाऱ्यांनी तोड काढिली की, दोघांनी दोन्ही तोंडास एकाच घटकेस फीत कापावी आणि मध्यावर भेटावे. त्यावर दोन्हीकडील मंडळी उसळोन बोलिली की, मध्यावर भेटावे खरे, परंतु आधी सामोरे कोणी जावे? हार आधी कोणी कोणास घालावा? तेथे मसलत फिसकटली. दोन्ही तोंडांस लाल फिती बांधल्या होत्या त्या पावसाने धुवोन गुलाबी जाहल्या, लोखंडी अडसर गंजले, पुलावर गवत उगवले, आणि त्या गवतावर दोन्ही सरदारांचे हसरे फलक डोलू लागले.

गेल्या साली पैलतीरचे लोक गाडीरस्त्याने खाडीस वळसा घालोन आले. तो रस्ता काय वर्णावा! आधी पाण्याच्या खात्याने खणिला, मग विजेच्या खात्याने, मग कोणी खणिला ते कोणासच ठाऊक नाही. पैलतीरी जयवंती तावडे म्हणोन वृद्ध बाई होत्या, त्यांस सारे जयूकाकी म्हणत. पती निवर्तल्यापासोन घरचा गणपती त्याच चालवीत. त्यांची मूर्ती टेम्पोत मांडीवर घेऊन बसल्या असता गाडी ऐशी आपटली की बाप्पाचा वरदहस्त मनगटातून निखळोन त्यांच्या ओटीत पडला. भंगलेली मूर्ती पुजावी कैशी? बाईंनी ती तैशीच खाडीत सोडिली आणि चतुर्थीस रिकाम्या मखरापुढे सुपारी मांडोन बसल्या. हे भिकाजींस कळले तेव्हा ते जेवणावरून उठले. हात आपण घडविला, मोडिला दरबाराने, आणि कोणास त्याची शरम नाही, याचे त्यांस फार लागले.

म्हणोन वर्षभर त्यांणी दरबाराचे उंबरे झिजविले. ऐलतीरच्या सरदारांनी चहा पाजिला आणि पैलतीरकडे बोट दाखविले. पैलतीरच्यांनी चहाही पाजिला नाही. मोबाईल नामे यंत्रावर दरबाराचे तक्रारद्वार होते, तेथे गाऱ्हाणे घातले, तो पाचवे दिवशी उत्तर आले की, आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे. भिकाजी पत्नीस म्हणाले, "सत्यभामे, समाधान कुणाचं झालं गो?" त्या रंग घोटीत बोलल्या, "ज्यांनी निकाली काढली त्यांचं. आपलं कधी झालंय?"

ऐसे होता होता क्रोधी संवत्सराचा भाद्रपद आला. पाऊस ऐसा लागला की गाडीरस्त्यावर मोरी खचोन वळशाची वाटही बंद पडली. शुद्ध तृतीयेस सकाळी जयूकाकींचा फोन आला. रडत नव्हत्या, तेच भिकाजींस अधिक झोंबले.

"भिकाजी, माझा गणपती रंगवून झाला?"

"झाला, काकी. डोळे काल उघडले."

"मग तो यंदा आला नाही तर मी मखर मोडून चुलीत घालीन. दोन वर्षं सुपारी पुजायला मी काय पाप केलंय? तुझ्या आजोबांनी माझ्या सासऱ्यांना शब्द दिला होता, घर चालेल तोवर मूर्ती पोचेल म्हणून. पोचवतोस की नाही, तेवढं सांग."

भिकाजी बोलिले, "पोचवतो. हातपाय शाबूत पोचवतो. तुम्ही दिवा लावून ठेवा."

फोन ठेविला. पत्नी म्हणाल्या, "शब्द तर दिलात. जाणार कुठून? उडून?"

"पुलावरून."

"अहो, खटला भरतील!"

"भरू देत. वर्षभर मान कुणाचा, मान कुणाचा ऐकतोय मी. दोन सरदार भांडतायत नि पहिला मान कुणाचा हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ह्यांनाच तेवढं सांगायचं राहिलंय."

मग भिकाजींनी ऐलतीरच्या वाडीवाडीत निरोप धाडिला की, पैलतीरच्या बाप्पांस डोकी पाहिजेत. आणि काय सांगावे, ज्या रयतेस सभेसाठी गाड्या पाठवोन, वडापाव चारोन आणावे लागे, ती रयत आपल्या पायांनी आली! सुतार आले, कोळी आले, शाळेचे मास्तर आले, आणि ज्याची होडी दरबाराने बसविली होती तो तांडेलही आला. एकेकाने एकेक मूर्ती पाटासकट डोईवर घेतली, वर पावसासाठी प्लास्टिक धरिले, ढोलकी झांजा पुढे जाहल्या, आणि मोरयाचा गजर करीत फौज पुलाकडे निघाली. सर्वांपुढे भिकाजी, डोईवर जयूकाकींचा गणपती. रस्ता त्यांस दिसत नव्हता, लक्ष सारे त्या एका हाताकडे.

पुलाच्या तोंडास चौकी होती आणि चौकीवर घाटावरून नेमणुकीस आलेला रखवालदार, नाव तुकाराम शेळके. माणूस भला, परंतु पोटासाठी ताठ. तो काठी आडवी धरोन म्हणाला, "मेस्त्री, माघारी फिरा. वरून हुकूम नाय."

"माघारी फिरायचं नाय, नि खालीही ठेवता येत नाय," भिकाजी म्हणाले. "उचललेला गणपती उंबऱ्यापर्यंत टेकवत नाहीत. उंबरा तिकडे आहे."

"मला का सांगता? मी काय फीत कापू? माझी नोकरी जाईल ना!"

"फीत कापू नका. फितीला कोण हात लावतोय? आम्ही हे उभे राहिलो." आणि खरोखरच सारी मंडळी डोईवर बाप्पा घेऊन पावसात उभी राहिली. ढोलकी थांबली. कोणी आरडाओरड केली नाही, कोणी मुर्दाबाद म्हणाले नाही. माना भरोन आल्या, तरी कोणी पाट टेकविला नाही. रखवालदारास धोंडे खाण्याची सवय होती, हे उभे राहणे त्यास सोसवेना. तो कधी काठीकडे पाही, कधी मूर्तींकडे. अखेर म्हणाला, "पण मेस्त्री, साहेबांनी इचारलं, पहिलं पुलावरनं कोण गेलं, तर मी काय सांगू?"

"तुम्ही सांगा, शेळके. तुमच्या गावी कुठलंही कार्य असो, पहिला मान कुणाचा?"

"बाप्पाचा. आणि कुणाचा?"

"मंत्र्याच्या आधी?"

"मंत्र्याचं काय घेऊन बसलाय, सगळ्या देवांच्या आधी!"

"मग तो हा दारात उभा आहे. त्याला हुकूम विचारणार तुम्ही?"

शेळके यांचेही घरी गणपती बसत असे आणि सुटी नामंजूर जाहली होती, ते दुःख ताजे होते. त्यांणी काठी टाकिली, पायातील बूट काढिले, गंजका अडसर खांद्याने रेटोन बाजूस केला, आणि गुलाबी फीत दोन्ही हातांनी उंच धरिली. तिजखालोन भिकाजी वाकोन, मूर्ती जपोन पार जाहले. पुलावर पाऊल पडताच त्यांणी मोरया पुकारिला. तो मागल्या मंडळींनी उचलिला, आणि ऐसा म्हटला की पैलतीरची माणसे घरे सोडोन धावत आली आणि तिकडील अडसर त्यांणीच काढोन ठेविला.

जयूकाकी उंबरठ्यावर उभ्या होत्या. भाकरतुकडा ओवाळिला, भिकाजींच्या पायांवर पाणी घातले, आणि आत घेण्याआधी प्लास्टिक दूर करोन म्हणाल्या, "हात बघू." पाहिला. बोटे मोजल्यासारखी एकेक चाचपली. शाबूत होता. मग मात्र बाई पदर तोंडास लावोन हमसाहमशी रडल्या, आणि भिकाजीही रडले, त्यात लपविण्यासारखे काही नाही.

दुसरे दिवशी दरबारात हलकल्लोळ जाहला. दोन्ही सरदार जन्मात प्रथमच एका मुखाने बोलिले की, उद्घाटनावाचोन पूल बाटविला, गुन्हेगार हुडका आणि पूल पुन्हा बंद करा. गौरीगणपतीचे विसर्जन उरकताच चौकशीस अंमलदार आले, टेबल मांडिले आणि पहिला साक्षीदार पुकारिला, तो शेळके.

"पुलावरून पहिला कोण गेला?"

"बाप्पा."

"नीट सांगा. त्यानंतर?"

"त्यानंतर पण बाप्पाच. चाळीसेक होते, साहेब. माणसं खाली होती."

सुतारांस विचारिले, मास्तरांस विचारिले, तांडेलास विचारिले, जबानी तीच. भिकाजींची पाळी आली तेव्हा अंमलदार चिडोन म्हणाले, "ठीक आहे! आरोपीचं पूर्ण नाव?"

"गणपती."

"वडिलांचं नाव?"

"शंकर. राहणार कैलास."

"सध्या कुठे आहे?"

"परवाच खाडीत पोचवला, साहेब. पुढल्या वर्षी लवकर ये म्हणून सांगितलंय. आला की हजर करतो."

मंडळी हसोन लोळली. अंमलदारही माणूस होते, आणि वर निवडणूक तोंडावर होती. गणपतीवर खटला भरिला तर रयत काय करील हे त्यांस कळत होते, आणि रयतेवर भरावा तर सारा गाव आरोपी. त्यांणी कपाळाचा घाम पुसला, दरबारास विचारिले, आणि मग दरबारातून जाहीर जाहले की, सदरहू पूल कधी बंद नव्हताच. फिती केवळ शोभेच्या होत्या. रयतेने गैरसमजाने दोन वर्षे वापर केला नाही, याचा दरबारास खेद आहे.

ते ऐकोन भिकाजींचे मस्तक फिरले. घरी येऊन मातीचा गोळा पाटावर आपटोन म्हणाले, "लाज नाय मेल्यांना! बंद नव्हता? मग काकीच्या गणपतीचा हात काय हौसेनं मोडला? मी उद्या जातो नि साऱ्यांसमोर विचारतो!"

सत्यभामाबाई चूल फुंकीत होत्या. त्या म्हणाल्या, "जाऊ नका. बोलले ते बोलू देत."

"का म्हणून?"

"कधी बंद नव्हता, असं साऱ्या मुलखाला सांगून बसलेत ना? मग आता बंद करणार कुठल्या तोंडानं?"

भिकाजी ऐसे हसले की शेजारी धावत आले.

तात्पर्य, दोन सरदार भांडले, एक दरबार खोटे बोलिला, आणि पूल रयतेचा जाहला. त्यास कोनशिला नाही, कोणाचे नाव नाही. गाड्या जातात, माणसे जातात, शेरडेही जातात. लेखनसीमा करितो, कारण की लिहिणारास पैलतीरी बाजार आहे, आणि आता वळसा घालणे नाही.