चाळीस मिनिटांचा लांबचा प्रवास

आमच्या घरात पत्रापलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही. कॉलेजात गेलेला पहिला मीच. त्यामुळे वडीलधाऱ्या माणसाबद्दल लिहिताना हात अडखळतो. चुकलं तर सांभाळून घ्या.

मेश्राम काका रेल्वेत बॅगेला साखळी लावून कुलूप घालतात. कॅनडातल्या रेल्वेत, चाळीस मिनिटांच्या प्रवासाला.

कॅनडातही एक लंडन आहे; तिथे मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होतो. शहराच्या दक्षिणेला काही हौशी, निवृत्त मंडळी दर शनिवारी जुन्या प्रवासी डब्यांची गाडी तळ्यापर्यंत नेऊन परत आणत. जिथे चढायचं तिथेच उतरायचं. काका मात्र दोन रात्रींच्या प्रवासाला निघाल्यासारखे चढत. हवेची उशी, टॉवेल, पोळ्या, ठेचा. बाकावर चादरसुद्धा अंथरत.

"लाँग जर्नी, मिस्टर मेश्राम?" म्हातारा कंडक्टर विचारी.

"फुल जर्नी," काका गंभीरपणे सांगत.

त्यांचा नियम एकच. "गाडीत बसलेला माणूस कुणाचाच नसतो, बाबू. नोकरी, विंटर टायर, तुझी असाइनमेंट, सगळं उतरल्यावर." मोबाइल ते घरीच ठेवत.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी तो त्यांनी माझ्या हातात दिला. नागपूरला त्यांच्या ताईंचं पोटाचं मोठं ऑपरेशन होतं. दुपारीच आत नेलं होतं, आता तिकडे रात्र झाली तरी निरोप नव्हता. आई गेल्यावर काकांना ताईंनीच वाढवलं. ते इंजिनिअरिंगला निघाले तेव्हा ही साखळी त्यांनीच दिली. फलाटावर उभ्या राहून त्या दर वेळी एकच विचारायच्या, वसंता, खिडकीची जागा मिळाली का.

"मग आज कशाला जायचं, काका?"

"घरी बसून काय करू? भिंतीकडे पाहू? वाजला तर तू उचल. मला उतरल्यावर सांग."

गाडी सुटली. साखळी, कुलूप, चादर झालं. पोळ्यांचा डबा मात्र उघडला नाही. मी फोन इतका घट्ट धरला होता की बोटं दुखायला लागली.

परतताना तो वाजला. मी दाराशी गेलो. त्यांचा भाचा बोलत होता. जागेवर आलो तेव्हा माझे डोळे भरले होते. काकांनी ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"काका..."

"उतरल्यावर."

स्टेशन आलं. सगळे उतरले. काका वाकून साखळीशी खटपट करत राहिले. किल्ली काही कुलपात जाईना.

"लास्ट स्टॉप, सर," कंडक्टर म्हणाला.

"फाइव्ह मिनिट्स, प्लीज."

मला तेव्हा कळलं की ते उतरणारच नाहीत. त्यांचा नियम मोडायची माझी हिंमत नव्हती, तरी मी खाली बसलो. त्यांच्या हातातून किल्ली घेतली, कुलूप काढलं आणि म्हणालो,

"काका, ताई शुद्धीवर आल्यात. विचारतायत, वसंताला खिडकीची जागा मिळाली का."