एक कोहळं, एकच गिऱ्हाईक

अबे, मधात बोलू नको, नुसतं ऐक! दौलतरावचा कोहळ्याचा किस्सा तुले कोणीच सांगितला नाही? मग बस इथं!

तेव्हा भिलाईत प्लांट उभा होऊन राहिला होता. चिमण्या अर्ध्या, रस्ते अर्धे, आन् आपलं चर्च तर पाव बी नाही. वर पत्रा, खाली चार खांब, भिंतीच्या जागी हवा! त्या चर्चचा दौलतराव नवा नवा खजिनदार झाला. प्लांटात टाइमकीपर होता, पण चाले असा, जशी लोखंडाची भट्टी यानंच घरून डब्यात आणली!

"देवाचा पैसा आहे!" ज्याले त्याले सांगे. "एक नवा पैसा इकडचा तिकडं होणार नाही. आन् देवाची वस्तू मी सस्त्यात जाऊ देणार नाही!"

मग आला कापणीचा सण. क्वार्टरवाल्यायले कुठलं शेत? पण अंगणात जे उगवलं ते लोकायनं आणलं. पेरू, लाल भाजी, अंडे, आन् एक कोहळं, हे एवढं, हत्तीच्या डोक्यावाणी! लिलावाचा पैसा भिंतीसाठी. आपली रीत तुले माहीतच आहे. बोली जिंकणाऱ्यानं पैसे टाकायचे, वस्तू देवाले परत द्यायची, की तिचा पुन्हा लिलाव. मन भरलं की मग घरी न्यायची.

दौलतरावनं डोकं चालवलं. शेजारच्या क्वार्टरातला तेजराम, प्लांटातला खलाशी, भंडाऱ्याकडचा, आपल्या मंडळीतला नाही. त्याले म्हणे, "जेवण फुकट आहे, चाल. मागं बसून राह्य. मी कपाळ पुसलं की तू एक रुपया वाढव. भाव चढला की मी गप्प, तू बी गप्प. कोणाले सांगू मात्र नको."

"आन् माल माह्याच गळ्यात पडला तं?"

"पडत नाही रे! रेल्वेचा गार्डसाहेब शामराव आहे ना. तो कोणाच्या बापाले हारत नाही!"

निघताना याच्या बायकोनं, कांतावहिनीनं, बाळाले मांडीवर घेऊन याच्या हातात रुमालात बांधलेले पैसे दिले. वर्षभर लोकायचे ब्लाउज हातानं शिवून जमवलेले. "चर्च सुटलं की सीधे दुर्गच्या बाजारात जा. मशीन घेतल्याबिगर घरी येऊ नका!"

आता तू मले सांग, पत्र्याखाली दीडशे माणसं, ऑक्टोबरची दुपार, आन् कोटात दौलतराव. घाम येणार नाही तं काय बर्फ पडणार?

कोहळं टेबलावर आलं. पाळकसाहेब म्हणाले, "बोला!"

शामराव म्हणाला, "दोन रुपये!"

दौलतरावनं कपाळ पुसलं.

"तीन!" मागून तेजराम.

शामरावनं मान वळवून पाह्यलं. "पाच!"

"सहा!"

असं करत करत गाडी गेली पंधरावर. शामराव मिशीवर हात फिरवून म्हणाला, "न्या बुवा! कोहळं आहे, इंजन नाही!" आन् बसला खाली!

दौलतरावले असा घाम फुटला, की पुसल्याबिगर दिसेच ना.

"सोळा!" तेजराम ओरडला.

"अहो, पंधरा तुमचेच आहेत!" पाळकसाहेब म्हणाले.

दौलतरावनं मान, गाल, कपाळ, सगळं पुसलं.

"सतरा! अठरा! एकोणीस!"

सगळं चर्च वळून पाह्यत राह्यलं. स्वतःवरच बोली चढवणारा माणूस बापजन्मी कोणी पाह्यला? पाळकसाहेबाच्या डोळ्यात पाणी! "असं देणं मी पाह्यलं नाही!"

आन् खजिनदारानं सकाळीच जाहीर करून ठेवलं होतं, उधार बंद, नगद पाह्यजे! तेजराम टेबलापाशी आला, खिसे उलटे करून उभा. दौलतरावनं टेबलाखाली कांतावहिनीच्या रुमालाची गाठ सोडली, नोटा काढल्या आन् स्वतःच पेटीत टाकल्या.

संपलं? नाही ना! बाजूची गिरजाबाई तेजरामले म्हणे, "भाऊ, आता ते देवाले परत द्या." त्यानं बिचाऱ्यानं दिलं. पुन्हा लिलाव! दौलतराव हात पाठीमागं धरून उभा राह्यला. पण घाम डोळ्यात गेला रे, मिरची लागल्यावाणी! पुसलं. पुन्हा कोहळं तेजरामचं! पुन्हा परत! तिसऱ्या वेळी रुमाल रिकामा झाला, तेव्हा दौलतराव पाळकसाहेबाच्या कानात रडकुंडीला येऊन म्हणाला, "साहेब, नेऊ द्या आता ते त्याले!"

टाळ्या अशा वाजल्या, की पत्रा हालला.

सांजेला हा मान खाली घालून घरी पोहोचला, तं दारात मनकर्णा, तेजरामची बायको. कमरेवर कोहळं! "भाऊजी, घरात तेल नाही, आन् या माणसानं कोहळ्यावर पन्नासाच्या वर उडवले म्हणते सारी क्वार्टरायची लाइन! कशापायी? कुठून आणले? जुगार खेळला का?" मागं तेजराम उभा, तोंड शिवल्यावाणी बंद. दिलेला शब्द पाळून राहिला होता, पठ्ठ्या!

तेवढ्यात आतून कांतावहिनी बाहेर आली, बाळ खांद्यावर. "आले का? मशीन कुठं आहे? खिडकीखाली जागा करून ठेवली मी!"

खरं बोलावं तं खजिनदारच लबाड ठरते. खोटं बोलावं तं तेजराम मार खाते. दौलतरावनं तोंड उघडलं, आन् गल्लीतून सायकलची घंटी! पाळकसाहेब! हातात हार! "दौलतराव, ते दानशूर बंधू इथंच राहतात ना? पुढच्या रविवारी त्यायनं मंडळीले दोन शब्द सांगावे, म्हटलं!"

चौघं बी दौलतरावच्या तोंडाकडं पाह्यत होते.

आता हासू नको, सांग मले. तू त्याच्या जागी असता, तं काय केलं असतं?