जमीन चोपणाऱ्या चंपाबाई

१९३९ सालच्या मार्चची सहा तारीख. नव्या खोलीत मुरूम-माती पसरून, पाणी शिंपडून मी चंपाबाईंची वाट बघत होते. जमीन चोपायची होती. त्या आल्या, माझ्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "वैनी, काल लय उभ्या राह्यल्या वाटते. टाच सुजली तुमची."

चंपाबाई माणसं पायांवरून ओळखत. चेहरे त्यांच्या लक्षातच राहत नसत. मंगरूळपीरच्या बाजारात पाच वर्षांनी भेटलेल्या बाईला त्यांनी पायाच्या वाकड्या करंगळीवरून हाक मारली होती. एकदा आमच्या वाशीमच्या गल्लीतून मयत चालली होती. खांदेकऱ्यांची पावलं जुळेनात, तशा ह्या ओट्यावर उभ्या राहून "एक, दो, तीन, चार!" मोजू लागल्या. लोक चिडले, पण तिरडी हिंदकळायची थांबली.

उत्तरेकडच्या एका संस्थानात त्यांनी वीस वर्षं कथक केलं. राजा गेला, नवा राजा मोटारींचा शौकीन निघाला, आणि नाचणाऱ्यांना रजा मिळाली. चंपाबाई घुंगरांची पेटी घेऊन माहेरगावी परतल्या. शिकवायची फार हौस. पण दरबारात नाचलेल्या बाईकडे पोरगी पाठवणार कोण?

मग त्यांनी युक्ती काढली. "कोणाची जमीन चोपाची हाय? फक्त पोरी द्या, फुकट चोपून देईन!"

ओल्या मातीवर दहा-बारा पोरी रांगेत उभ्या करून त्या बोल म्हणत, "ता थै थै तत्!" सगळे पाय एकदम पडत. सकाळभर चोपली की दोन दिवसांत वाळून जमीन अशी टणक होई की पाट सरकवला तरी ओरखडा उठत नसे. आयांचे कष्ट वाचले. गल्लीत नाच हा शब्द कोणी काढत नसे. "पोरी जमीन चोपाले गेल्या," एवढंच. माझी शांताही तीन वर्षं जात होती. मला सगळं समजत होतं. पण जमिनी उत्तम होत होत्या, म्हणून मी गप्प.

त्या दिवशी नेमक्या मेडशीहून माझ्या आत्येसासूबाई आलेल्या. नव्या खोलीच्या दारात उभ्या राहून त्यांनी शांतेची गिरकी पाहिली.

"काहून वं सूनबाई, जमीन चोपाले गोल फिरा लागते काय?"

"कोपरे राहून जातात न, आत्याबाई."

"मले शिकवून राह्यली? हा नाच हाय, नाच! उद्यापासून पोरगी गेली त गल्लीभर सांगीन. मंग पाहू कोणाची पोरगी येते ते!"

चंपाबाईंनी आत्याबाईंच्या पायांकडे पाहिलं. "पण ठेका मस्त धरला होता तुमी, उजव्या पायानं."

आत्याबाईंनी पाय लुगड्याखाली ओढून घेतला.

सगळ्यांच्याच पोरी बंद होण्यापेक्षा माझी एकटी घरी बसवावी, असं मी ठरवलं. दुपारी चंपाबाईंना तसं सांगायला गेले. त्यांची खाट, चूल, माठ, सगळं अंगणात मांडलेलं. आत त्या कुदळीनं आपल्याच घरातली चांगली टणक जमीन उकरत होत्या.

"हे काय वो? मागच्या महिन्यातच त पोरींनी चोपली!"

"तुमची खोली झाली, आता गल्लीत कोणाचीच जमीन राह्यली नाही, वैनी." त्यांनी पदरानं घाम पुसला. "दिवाळीपासून तीनदा उकरली ही. पक्कीच राह्यली त पोरी कायले येतील माह्याकडं?"

जे सांगायला गेले होते ते मी सांगितलं नाही. त्यांच्या हातातली कुदळ तेवढी काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांतेची वेणी घातली आणि तिला घेऊन गल्लीच्या मधोमध उभी राहिले. सगळे ओटे ऐकतील अशा आवाजात म्हटलं, "शांते, चंपाबाईकडं नाच शिकाले चालली न? मंग उशीर नको करू, जाय!"

बाकीच्या किती पोरी येतील ते ठाऊक नव्हतं. एक तर गेली. मग मी घरात येऊन आत्याबाईंसाठी चहाचं आधण ठेवलं. गल्लीत सांगायला त्यांच्याकडे आता काही उरलं नव्हतं.