बीरान कोयाचा चौथा प्लेयर

बायकोचा, उम्मैबीचा चाळिसावा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बीरान कोया रिक्षातून आपल्या बहिणीच्या घरी राहायला आला. बरोबर कपड्यांची एक पेटी, कॉम्प्युटर, ॲम्प्लिफायर आणि चादरीत गुंडाळलेले दोन स्पीकर. अंतर चालत सहा मिनिटांचं होतं, पण स्पीकर जड होते.

कुट्टिचिऱ्याच्या मोहल्ल्यात मुली लग्न करून कुठे जात नाहीत. जावई येतो, आणि बायको असेपर्यंत तिच्या घरी जावई म्हणून राहतो. बीरान एक्केचाळीस वर्षं राहिला. माडीवरची मोठी खोली त्याची. त्या घरात त्याच्यापुढे कधी नुसता चहा आला नाही, सोबत काहीतरी असायचंच. उम्मैबी गेल्यावर कोणी त्याला जा म्हणालं नाही. माणसं भली होती. चाळिसाव्याचं जेवण उरकल्यावर मेहुणीने फक्त विचारलं, "भावजी, स्पीकरांना टेम्पो सांगायचा का?"

आता तो जिथे जन्मला त्या घरात आला होता. पण या घरचा जावई दुसराच होता. बहिणीचा नवरा अस्सनकोया, वय पंचाहत्तर, पन्नास वर्षं याच खुर्चीत बसून याच बशीतून अंडं खात आलेला. पहिल्या सकाळी त्याच्यापुढे दोन अंडी आणि परतलेली कलेजी आली. बीरानपुढे पत्तिरी, म्हणजे तांदळाची पातळ भाकरी, आणि कालचा रस्सा.

"ताई, मला अंडं?" बीरानने विचारलं.

"तू काय पाहुणा आहेस?" कदीशबी म्हणाली आणि तिने प्रेमाने त्याच्या रश्शात आणखी रस्सा ओतला.

बीरानच्या लक्षात आलं, आपण आता घरचे झालो.

त्याला खालची मागची खोली मिळाली. तिथे पूर्वी तांदळाची पोती असायची. खाली फरशी, वर सिमेंटचा स्लॅब, एक लोखंडी कपाट, एक लोखंडी खाट. त्याने दुपारी सगळ्या तारा जोडल्या आणि पहिली गझल लावली. ही गझल त्याने हजारदा ऐकली होती. गाणारी बाई कुठल्या शब्दाआधी श्वास घेते, तबलजी कुठे अंगठी काढून ठेवतो, सगळं त्याला पाठ होतं.

आज ती बाई गात नव्हती. रिकाम्या बादलीत तोंड घालून कोणाला तरी हाका मारत होती.

बीरानने तारा काढून परत लावल्या. स्पीकर मागे सरकवले, पुढे ओढले. बादली तशीच. कानात दोष असेल हे त्याला मान्य नव्हतं. पस्तीस वर्षं त्याने कल्लाईच्या लाकडाच्या वखारीत काढली होती. ओंडक्यावर हातोडी मारून तो आतून पोकळ आहे की भरीव हे सांगायचा, आणि व्यापारी त्याच्या शब्दावर माल उचलायचे. त्या कानाला आता बादली ऐकू येत होती, म्हणजे बादली होतीच.

संध्याकाळी मोइदू आला. मोइदू टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला. गल्लीतल्या एका माडीवरच्या गाण्याच्या क्लबात दर रविवारी म्हातारे पेटी-तबला घेऊन बसत, त्यात हा कधी गायला नाही, पण कोण कुठे चुकलं ते सांगायला कायम हजर. त्याने अर्धी गझल ऐकली आणि डोळे मिटले.

"कोया, हा प्लेयर कुठला?"

"तोच. अकरा वर्षं झाली."

"मग काय होणार? गाणं वाजवणारं सॉफ्टवेअरच जुनं. आवाज मळलाय."

"आवाज मळतो?"

"नारळ तोच असतो रे. पण अडाण्याने फोडला की पाणी जमिनीवर. गाण्याची फाइल म्हणजे नारळ. प्लेयर म्हणजे फोडणारा."

बीरानला हे पटलं. पटवून घ्यायला त्याला आवडलंही. मोइदूने दुसरा प्लेयर घातला. तो दिसायला सरकारी अर्जासारखा होता, नुसत्या ओळी आणि चौकटी. मोइदूच्या मते तो कुरूप होता म्हणूनच प्रामाणिक होता. गझल लावली. बाई बादलीतून निघून पिंपात गेली.

"मोकळं झालं ना?" मोइदू म्हणाला.

"पिंप मोठं असतं," बीरान म्हणाला.

तीन आठवड्यांनी तिसरा आला. यात गाण्याबरोबर गायिकेचा फोटो दिसे. हा निवडायला रविवारी क्लबातले आठ जण बहिणीच्या घरी आले. खाटेवर पाच, जमिनीवर तीन, सगळे साठीच्या पुढचे आणि पोटं सुटलेले. कदीशबीने सुलेमानी चहा पाठवला. गझल सुरू झाली आणि बीरान ताठ बसला. बादली गेली नव्हती, पण अर्धी झाली होती. तबल्याला चामडं आलं होतं.

"हाच," मोइदू म्हणाला.

"हाच," बाकीचे म्हणाले, कारण सुलेमानी संपला होता.

ते आठ जण गेले. बीरानने दार लावून गझल पुन्हा लावली. बाई परत बादलीत. त्याने मोइदूला फोन केला.

"गरम झाला असेल," मोइदू म्हणाला. "काही प्लेयर तापले की बिघडतात."

आठांपैकी एक, इंबिच्चि नावाचा गवंडी, मात्र दुसऱ्या दिवशी मशिदीच्या तळ्यावर भेटला तेव्हा म्हणाला, "बीरान, प्लेयरचं सोड. आम्ही आठ ढोले आत बसलो होतो तेव्हा घुमत नव्हतं. ती खोली घुमते. तुझ्या सासरच्या खोलीला लाकडी तक्तपोशी, लाकडी जमीन. उम्मैबीच्या त्या तीन-तीन गाद्या, पडदे, कपड्यांच्या पेट्या. तिथे आवाज कशाला घुमेल?"

"तू भिंती बांध," बीरान म्हणाला आणि वळला.

लाकडावर पस्तीस वर्षं हातोडी मारलेल्या माणसाला हे गवंड्याने सांगावं लागत नव्हतं. ते त्याला पहिल्याच दुपारी कळलं होतं. पण प्लेयरचा दोष असला तर प्लेयर बदलता येतो.

तो तसाच मोइदूकडे गेला. "सगळ्यात चांगला कुठला? शेवटचा सांग."

मोइदूने आवाज खाली आणला. "एक आहे. तो आला की कॉम्प्युटरच्या आवाजाचा सगळा ताबा घेतो. दुसऱ्या कोणाला तोंड उघडू देत नाही. मधे कोणाची लुडबुड नाही, गाणं थेट स्पीकरात."

"घाल."

चौथा प्लेयर गुरुवारी बसला. बादलीत काही फरक पडला नाही, पण बीरानने मोइदूला तसं सांगितलं नाही. त्याला थोडे दिवस तरी आशा ठेवायची होती.

आता शुक्रवारची गोष्ट. कदीशबीची मुलगी शाहिदा नवऱ्याबरोबर आखातात, दम्मामला असे. दर शुक्रवारी नमाजानंतर तिचा व्हिडिओ कॉल. पूर्वी तो फोनच्या बोटभर पडद्यावर बघत, पण बीरानचा कॉम्प्युटर आल्यापासून अस्सनकोया इस्त्रीचा सदरा घालून बीरानच्या खाटेवर बसे आणि मुलीला मोठी बघे. या शुक्रवारीही तो बसला. शेजारी कदीशबी. शाहिदा पडद्यावर आली. तिचे ओठ हलले, आणि आवाज काही आला नाही.

"बोल, बाळ," कदीशबी म्हणाली.

शाहिदा बोलत होती. मग ती रडायला लागली. तिच्या नवऱ्याने येऊन तिचा खांदा धरला. तोही डोळे पुसत होता.

"बीरान, आवाज कर," अस्सनकोया ओरडला.

बीरान बटणं दाबत सुटला. चौथा प्लेयर कोणाला तोंड उघडू देत नव्हता.

"कोण गेलं?" कदीशबीचा चेहरा पांढरा पडला. "शाहिदा आहे. जावई आहे. विहीणबाई कुठे दिसतायत? दर वेळी मागे सोफ्यावर असतात."

सोफा रिकामा होता. पात्तुम्मा, शाहिदाची सासू, दोन महिन्यांपूर्वी मुलाकडे दम्मामला गेली होती. नेमका तेवढ्यात पडदा गोठला. कदीशबीने हंबरडा फोडला. ज्या घराने नुकतंच एक मयत ऐकलं होतं, तिथे दुसरं ऐकायला कोणालाच वेळ लागला नाही. शेजारणी आल्या. कोणीतरी दोन गल्ल्या ओलांडून पात्तुम्माच्या घरी सांगायला धावलं. अर्ध्या तासात तिच्या दारासमोर मांडववाल्याच्या खुर्च्या लागल्या, आणि तिचा धाकटा भाऊ पहिल्या खुर्चीत बसून तिचे गुण सांगू लागला. जिवंतपणी त्याचं तिच्याशी सहा वर्षं बोलणं नव्हतं.

अस्सनकोयाच्या खिशातला फोन वाजला. पात्तुम्माच होती.

"माझ्या दारात खुर्च्या का लागल्यात? मला भाचीने फोटो पाठवलाय."

"तुम्ही... कुठे आहात?" अस्सनकोयाने विचारलं.

"मोरीत होते. तुमची मुलगी नऊ वर्षांनी पोटुशी राहिली, ते सांगत होती ना. तुम्ही काही न बोलता नुसते बघत राहिलात म्हणे. आजी-आजोबा व्हायचा आनंद नाही का तुम्हाला?"

आनंद नंतर झाला. आधी खुर्च्या परत पाठवाव्या लागल्या. पात्तुम्माच्या भावाला समजवावं लागलं. त्याला बहीण जिवंत असल्याचं कळलं तेव्हा तो कौतुक अर्धवट सोडून उठला आणि पुन्हा अबोला धरून घरी गेला. संध्याकाळी अस्सनकोया बीरानच्या दारात उभा राहिला.

"हे डबडं या घरात नको."

"दाजी, प्लेयर काढतो. जुना घालतो."

"डबडं नको म्हटलं."

बीरानने बहिणीकडे पाहिलं. कदीशबी पदराच्या टोकाशी चाळा करत होती.

"जावई बोलले, बीरान. मी काय करू?"

"मीही जावईच होतो, ताई."

"होतास," कदीशबी म्हणाली. ती वाईट बोलत नव्हती. फक्त खरं सांगत होती.

शनिवारी दुपारी बीरान स्वच्छ मुंडू नेसला आणि सहा मिनिटं चालत सासरी गेला. त्याने वाटेत काय मागायचं ते ठरवलं होतं. माडीवरची खोली रिकामीच असणार. सगळं सामान तिथे परत ठेवू द्यावं. राहायला नको, जेवायला नको. रोज चार ते पाच, एक तास. उम्मैबी असताना त्या तासाला ती कपड्यांच्या घड्या घालायची आणि गाण्यातलं एक अक्षर तिला कळत नसे. गाणं संपलं की म्हणायची, "झालं?" एवढंच. एका तासाला घरातलं कोणी नाही म्हणणार नव्हतं.

मेहुणीने त्याला बाहेरच्या पडवीत, पाहुण्यांच्या बाकावर बसवलं. चहा आला, सोबत भरलेली केळी आली.

"तब्येत बरी आहे ना, भावजी? वाळलात."

"बरा आहे. मी एक विचारायला आलो होतो," बीरान म्हणाला.

तेवढ्यात वरून गाणं सुरू झालं.

बीरानचा हात कपावर थांबला. गझल दुसरीच होती, पण बाई समोर उभी होती. पेटी तिच्या डाव्या हाताला, तबला थोडा मागे. श्वास ऐकू येत होता. बादली नव्हती, पिंप नव्हतं. महिन्याभरात तीन प्लेयर बदलून त्याने जे शोधलं होतं ते सगळं जिन्यावरून खाली येत होतं.

"वर कोण आहे?"

"आमचा नौफल," मेहुणी जरा अवघडली. नौफल तिच्या मुलीचा नवरा, चार वर्षं जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत राहिलेला. "तुम्ही गेलात, मग म्हटलं मोठी खोली त्यांना... पोरं वाढतायत. गाद्या, पेट्या काही हलवलं नाही हं. सगळं तसंच आहे."

"बरं केलंत," बीरान म्हणाला.

नौफल पाहुणे आल्याचं ऐकून घाईने जिना उतरला आणि बीरानला बघून ओशाळला.

"काका, आवाज मोठा झाला का?"

"नाही. कशावर लावलंस?"

"फोनवर."

"स्पीकर?"

"फोनचाच."

"प्लेयर कुठला?"

नौफल गोंधळला. "नाव नाही बघितलं, काका. फुकटातला आहे कुठला तरी."

"भावजी, तुम्ही काहीतरी विचारणार होतात," मेहुणी म्हणाली.

"सहज. तुमच्या तब्येतीचं."

वर गाणं एका ओळीच्या मधोमध तुटलं आणि एक बाई केस गळण्यावरच्या तेलाची माहिती सांगू लागली.

"मधेमधे येते ती. बंद करून येतो," नौफल वळला.

"राहू दे," बीरान म्हणाला.

त्याने केळ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि बाकावर मागे टेकून बसला. तेलात आवळा होता, ब्राह्मी होती, तीन महिन्यांत फरक दिसणार होता. प्रत्येक शब्द वेगळा, स्वच्छ, आणि गाणारी बाई जिथे उभी होती बरोबर त्याच जागेवरून येत होता. बीरानने जाहिरात शेवटपर्यंत ऐकली.