जैसे थे, सासऱ्यांसकट

आमच्या गावच्या कोर्टात माझ्यापुढे समोरचा वकील फार वेळ तग धरत नाही. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगत नाही. त्यातून माझी तब्येतच अशी की वयाचा कोणाला अंदाज येत नाही. केस काळेभोर (कसे, ते विचारू नका), पाठ ताठ, आवाज खणखणीत. मी युक्तिवादाला उभा राहिलो की न्यायाधीशबाई आधी घड्याळाकडे बघतात आणि मग माझ्याकडे. हा आदराचाच प्रकार असावा.

तर अशा माणसाच्या बायकोला एक दुलई विकणारा माणूस धमकी देतो, म्हणजे बघा!

झालं असं की बायकोने या वर्षी बाजारात दुकान टाकलं. घर सजवायच्या आणि कोणाला भेट द्यायच्या वस्तूंचं. दिवे, उशा, भिंतीवरची घड्याळं, वेताच्या खुर्च्या. आमच्या गावात वर्षभराचा धंदा वर्षअखेरच्या सुट्ट्यांत होतो. बाकीचे महिने दुकानदार एकमेकांना चहा पाजून काढतात. म्हणून तिने सुट्ट्यांच्या तोंडावर दुकानाला दर्शनी भागात एक भलीमोठी काचेची पेटी करून घेतली, आणि निवडून निवडून आणलेला सगळा उत्तम माल त्या पेटीत मांडला. पेटी झाली देखणी, पण तीन बोटं पुढे आली. ती तीन बोटं शेजारच्या दुकानाच्या आणि आमच्या सामाईक पायरीवर. शेजारी दुलईवाले. त्यांनी सांगून टाकलं, सुतार आणून पेटी कापतो.

"मी जरा चहा घेऊन जाते त्यांच्याकडे," बायको म्हणाली. "बोलते. माणूस वाईट नाहीये."

"चहा?" मला हसूच आलं. "अगं, घरात वकील असताना चहा कशाला? हुकूम आणतो."

"चहा स्वस्त पडेल."

मी तिकडे दुर्लक्ष केलं. त्या रात्री जेवण झाल्यावर बसलो आणि असा अर्ज लिहिला की त्यात मुंगीला शिरायला फट राहू नये. 'सदर काचपेटी व तिच्यातील सर्व काही, जे जसे आहे ते तसेच, पुढील तारखेपर्यंत जैसे थे ठेवण्यात यावे.' त्यातलं 'सर्व काही' मी मुद्दाम घातलं होतं. दुलईवाल्यांनी पेटीतल्या टाचणीलाही हात लावता कामा नये! लिहून झाल्यावर मी तो अर्ज मोठ्याने वाचला, आणि मलाच माझं कौतुक वाटलं.

न्यायाधीशबाईंनी अर्ज वाचला, घड्याळ पाहिलं आणि जागेची पाहणी करून अहवाल द्यायला एका वकिलाला कमिशनर नेमलं. ही कमिशनर म्हणजे नुकतीच सनद मिळालेली एक मुलगी. दुपारी दुकानावर आली, खांद्यावर पिशवी, पिशवीत मोजायची टेप. मला वाटलं, पाच मिनिटांत आटपेल. पण तिने काचेसमोर उभं राहून जे पाहायला सुरुवात केली ते पाहून मी गार झालो. दिव्याच्या झालरीला गोंडे किती, घड्याळ कोणत्या वेळेवर बंद आहे, कोणत्या उशीचा कोपरा दुमडलाय, सगळं पाही आणि लिही. पुन्हा पाही, पुन्हा लिही. इतक्या बारकाईने मला बायकोने लग्न ठरवतानासुद्धा पाहिलं नव्हतं. अशी नजर मी कोर्टात आयुष्यात पाहिली नाही, खोटं कशाला बोलू.

त्या वेळी पेटीत माझे सासरे झोपलेले होते.

हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही, पण त्यात लक्षात येण्यासारखंही काही राहिलं नव्हतं. सासरे निवृत्त बेलिफ. आयुष्यभर कोर्टाचे हुकूम आणि समन्स घरोघरी पोचवले. आता आमच्याकडेच असतात. दुपारचं ऊन काचेतून येऊन पेटी छान उबदार व्हायची, म्हणून जेवण झालं की ते मागच्या दाराने पेटीत शिरायचे आणि विक्रीच्या वेताच्या आरामखुर्चीत ताणून द्यायचे. बायकोही काही म्हणायची नाही. खुर्ची किती आरामशीर आहे हे गिऱ्हाइकाला आपोआप कळतं, म्हणायची.

दोन दिवसांनी हुकूम हातात पडला. सोबत कमिशनरचा अहवाल. मी जेवणाच्या टेबलावर विजयी आवाजात वाचू लागलो. पेटी, दिवे, घड्याळं, उशा, आणि मग: 'मध्यभागी वेताची आरामखुर्ची. तीत एक वयोवृद्ध गृहस्थ झोपलेले. चष्मा कपाळावर. तोंड किंचित उघडे.' आणि खाली हुकूम: अहवालात नमूद केलेले सर्व काही पुढील तारखेपर्यंत जैसे थे.

बायको हसता हसता ठसक्याने लाल झाली. सासरे मात्र हसले नाहीत. त्यांनी हात धुतले, पुसले, माझ्या हातून कागद घेतला आणि शिक्क्यापर्यंत सगळा वाचला.

"जावईबापू, यात मी आहे."

"बाबा, ते आपलं सहज लिहिलंय तिने. तुम्ही काही वस्तू नाही."

"'सर्व काही' म्हटलंय. हा मसुदा कोणाचा?"

"माझा," मी म्हणालो. माझा आवाज तेव्हा तितकासा खणखणीत नव्हता.

सासऱ्यांनी कागदाची नीट घडी घातली. "मी जन्मभर लोकांच्या दारात हुकूम घेऊन उभा राहिलो. कोणी दार लावलं, कोणी कुत्रं सोडलं, एकाने तर माझ्यासमोर कागद चुलीत घातला. एकानेही कधी 'बरं, पाळतो' म्हटलं नाही. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या नावचा हुकूम आला तर असा पाळीन की कोर्टाने बघत राहावं."

"पण तुमचं नाव नाहीये त्यात!"

"तेवढं चालायचंच," ते म्हणाले आणि दुकानाकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवसापासून दुकान उघडलं की सासरे पेटीत. चष्मा कपाळावर, तोंड किंचित उघडं. आणि मंडळी, ते झोपेचं सोंग घेत नव्हते. हुकुमाबरहुकूम गाढ झोपत होते! मी कित्येक अशिलांना कोर्टात नुसतं गप्प बसायला सांगून थकलोय, आणि हा माणूस कायद्याच्या आदराखातर दिवसभर घोरत होता. पहिल्या दिवशी मी काचेबाहेर उभा राहून बघतच राहिलो. वाटलं, आपण इतकी वर्षं काळा कोट घालतो, पण कायद्यावर असा विश्वास आपल्याला एक दिवसही ठेवता आलेला नाही.

हळूहळू गावाला बातमी लागली. खरेदीला आलेली माणसं काचेपाशी थांबायची, आवाज खाली यायचा, पुरुष टोपी काढायचे. "कोर्टाने झोपवलंय म्हणे त्यांना," एक बाई कुजबुजली. "काय केलं असेल हो यांनी?" दुसरीने विचारलं. पोरं काचेला नाक लावून श्वास मोजायची. अख्ख्या बाजारात तेवढ्या एका काचेपुढे कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

पण खरेदीचं काय? गिऱ्हाईक आत यायचं ते काचेकडे बोट दाखवतच.

"तो गोंडेवाला दिवा द्या."

"तो देता येत नाही. कोर्टाचा हुकूम आहे," बायको म्हणायची.

"मग ते घड्याळ?"

"तेही नाही."

"खुर्ची?"

"खुर्चीत बाबा आहेत."

पेटीबाहेर दुकानात उरलं होतं ते साधंसुधं. गिऱ्हाईक हळहळत बाहेर पडायचं. संध्याकाळी बायको गल्ल्यापाशी बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझं पहिलंच वर्ष. सुट्ट्या सरल्या की हे दिवे पुढच्या वर्षापर्यंत कोणी विचारणार नाही. दुलईवाला फक्त तीन बोटं कापणार होता हो. तुम्ही सगळं दुकानच बांधून ठेवलंत."

मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी आणखी एक अर्ज करतो. तो माझा स्वभावच आहे.

या वेळचा अर्ज होता थंडीचा. ऊन कमी झालं होतं, सासरे पेटीत कुडकुडत होते आणि अहवालात पांघरूण नव्हतं म्हणून घ्यायला तयार नव्हते. मी कोर्टाकडे एका पांघरुणाची परवानगी मागितली. मला वाटलं, दुलईवाले कडाडून विरोध करतील आणि मी त्यांना निर्दयी ठरवीन. युक्तिवादही तयार होता. पण दुलईवाले उठून उभे राहिले आणि डोळे पुसत म्हणाले, "माझी काही हरकत नाही, बाईसाहेब. उलट पांघरूण माझ्याच दुकानातलं घ्या. पैसे नकोत."

न्यायाधीशबाईंना गहिवरून आलं. मलाही आलं. बायकोला आलं नाही. तिने एकदा दुलईवाल्यांकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं.

दुपारी सासऱ्यांच्या अंगावर दुलईवाल्यांची निळी, जाड, फुलाफुलांची दुलई पडली. सासऱ्यांनी झोपेतच ती हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि असा काही सुस्कारा सोडला की काचेबाहेरच्या दोघांनी जांभई दिली. त्यानंतर जे झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलं. माणसं आमच्या काचेपुढे उभी राहायची आणि तिथून सरळ शेजारच्या दुकानात शिरायची. "ती आजोबांची दुलई द्या!" निळी संपली, मग लाल गेली, मग ज्या दुलईला कुत्रंही विचारत नव्हतं ती राखाडीसुद्धा गेली. माझ्या सासऱ्यांनी, माझ्या बायकोच्या पेटीत, माझ्या हुकुमाने झोपून दुलईवाल्यांचं दुकान रिकामं केलं!

मी नवा अर्ज लिहायला घेतला. बायकोने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, थर्मास भरला आणि दोन कप घेऊन शेजारी गेली.

त्या दोघांत काय बोलणं झालं मला माहीत नाही. वकिलाला आत येऊ नका म्हणून सांगितलं होतं. पण चहा संपेपर्यंत तडजोड झाली होती. पेटी आहे तिथेच राहणार, बायकोने पेटीच्या एका कोपऱ्यात त्यांची एक दुलई कायम मांडायची, बस. "मी तर पहिल्याच दिवशी कबूल झालो असतो, वकीलसाहेब," दुलईवाले मला म्हणाले. "वहिनी एकदा येऊन बोलल्या असत्या तर." मी घसा खाकरला.

सुट्ट्या लागायच्या आदल्या दिवशी कोर्टात तडजोड दाखल झाली. जैसे थेचा हुकूम उठला. न्यायाधीशबाईंनी सहीसाठी पेन उचललं आणि थांबल्या.

"ते गृहस्थ अजून तिथेच आहेत?"

"हो, बाईसाहेब."

"रोज?"

"रोज. दुकान उघडं असेपर्यंत."

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि सही केली. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या खटल्यात त्यांनी घड्याळ पाहिलं नाही.

मी धावत दुकानात आलो. पेटीच्या मागच्या दारातून डोकं घातलं. "बाबा, उठा! हुकूम उठला! सुटलात!"

सासऱ्यांनी एक डोळा उघडला. "नक्कल?"

"हुकुमाची नक्कल कुठली आज? नक्कल विभाग दुपारीच बंद झाला. आता सुट्ट्या संपल्यावर."

"मग हुकूम उठल्याचं मला अजून कळलेलं नाही," सासरे म्हणाले. "मी जन्मात कोणाला तोंडी हुकूम दिला नाही, आणि तोंडी घेणारही नाही. नक्कल येईपर्यंत इथली टाचणीही हलायची नाही." त्यांनी डोळा मिटला.

मी हताश होऊन बायकोकडे पाहिलं. सगळी सुट्टी हातची चालली होती. पण ती वडिलांची लेक! तिने एक पाटी रंगवली आणि काचेला आतून लावली: 'कोर्टाच्या अहवालातील मूळ वस्तू. नोंदणी सुरू. ताबा नक्कल आल्यावर.' आणि काय सांगू! गोंडेवाला दिवा घेण्यावरून दोन सभ्य बायकांत वाद झाला. बंद घड्याळ बंद अवस्थेतच हवं म्हणून एकाने हट्ट धरला. संध्याकाळपर्यंत पेटीतली प्रत्येक चीज कोणाच्या ना कोणाच्या नावाची झाली होती. खुर्ची दुलईवाल्यांनी घेतली. ज्या कायद्याने तिचं दुकान बांधलं होतं त्याच कायद्याला तिने विकायला बसवलं. मी तिच्यापुढे मनातल्या मनात वाकलो.

एकच अडचण राहिली. सासऱ्यांचे गुडघे आखडले होते. डॉक्टर म्हणाले, दुपारी तासभर तरी पाय मोकळे करायलाच हवेत.

"पण मग खुर्ची रिकामी राहणार," बायको म्हणाली. "लोकांनी आजोबांसकट सगळं जसंच्या तसं बघून नोंदणी केलीय. आणि बाबा तसे उठणार नाहीत."

"अहवालात माझं नाव नाही," सासरे पडल्या पडल्या म्हणाले. "एक वयोवृद्ध गृहस्थ, एवढंच आहे."

सगळे माझ्याकडे बघू लागले. बायको, दुलईवाले, आणि डोळे उघडून सासरेसुद्धा.

"मी?" मी म्हणालो. "मी वयोवृद्ध? अहो, माझ्या वयाचा अंदाज..."

"तासाभराचाच प्रश्न आहे हो," बायको म्हणाली आणि माझा चष्मा माझ्या कपाळावर सरकवला.

बसलो. दुलई हनुवटीपर्यंत घेतली. मनाशी म्हटलं, हे लोकांना एका क्षणात कळणार. काळे केस, ताठ पाठ, कुठे सासरे आणि कुठे मी! लोक हसतील आणि बायकोला हा नाद सोडावा लागेल. डोळे किलकिले ठेवून मी वाट बघत राहिलो. खुर्ची खरोखरच फार आरामशीर होती.

तेवढ्यात गर्दीतून ती आली. कमिशनर. सुट्टीची खरेदी करायला आली असावी, पण सवय कुठे जाते? पिशवीतून अहवालाची प्रत काढली आणि काचेसमोर उभी राहिली. गोंडे मोजले. घड्याळाची वेळ पाहिली. दुमडलेला उशीचा कोपरा पाहिला. मग तीच ती नजर, जिच्यापुढे मी गार झालो होतो, माझ्यावर येऊन थांबली. केसांवरून फिरली, चष्म्यावरून फिरली, चेहऱ्यावर बराच वेळ राहिली.

माझी खात्री होती. जगात एका माणसाला फरक कळेल तर तो हिला.

तिने समाधानाने मान हलवली, प्रत पिशवीत टाकली आणि दारात उभ्या असलेल्या बायकोला म्हणाली, "कमाल आहे हं तुमची. पांघरूण सोडलं तर अगदी मी पाहिलं होतं तस्संच आहे सगळं."