शाईकाका

साळवेकाका मंगळवारी गेले. गुरुवारी मतदान होतं.

त्यांची मुलगी सुजाता कार्डिफहून बुधवारी संध्याकाळी यायची होती. मी शेजारची, त्यामुळे घराची किल्ली माझ्याकडे. दुपारी दार उघडलं तर जिन्याच्या पायथ्याशी त्यांची पिशवी भरून तयार होती. घडीचं स्टूल, कान साफ करायच्या काड्यांचा डबा, एक नोंदवही आणि जांभळ्या शाईची बाटली. पिशवी मी बाजूला सरकवली. मग परत होती तिथे आणून ठेवली.

नॉटिंगहॅमच्या आमच्या गल्लीत मोठी माणसं त्यांना साळवे म्हणत, मुलं शाईकाका म्हणत. जे मूल आपल्या आईवडलांना मतदानाला घेऊन येईल, त्याच्या डाव्या तर्जनीच्या नखावर काका शाईची रेघ ओढत. मत पालकांचं, शाई मुलाची. गल्लीच्या टोकाच्या प्राथमिक शाळेत मतदान केंद्र असे, म्हणून त्या दिवशी शाळेला सुट्टी. मुलं मोकळी आणि पालक हैराण. फाटकापासून जरा दूर, लाल पोस्टपेटीशेजारी काका सकाळी सात वाजता स्टूल टाकून बसत. अधिकारी बाईंनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं की फाटकाच्या आत हा उद्योग चालणार नाही. तेव्हापासून ते पोस्टपेटी सोडून एक पाऊलही पुढे येत नसत. त्यांना पोहे द्यायचे तरी आपणच तिथवर जायचं.

"पालक आणा, शाई लावा," हे त्यांचं घोषवाक्य. दुसरं वाक्य मोठ्यांसाठी होतं. "मी कोणाला द्या म्हणत नाही. द्या म्हणतो." त्यांनी स्वतः कोणाला मत दिलं हे मला सव्वीस वर्षांत कळलं नाही.

नोकरी त्यांनी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये केली. रक्ताचे नमुने तपासण्यात जन्म गेला, त्यामुळे सगळं जग त्यांना नमुन्यांसारखं दिसे. मतदान कमी झालं की म्हणत, "गल्लीचं हिमोग्लोबिन उतरलंय." ज्या घरात कोणाचंच नाव मतदार यादीत नसेल ते घर निगेटिव्ह. नवं कुटुंब राहायला आलं की इंग्लिश शेजारी केक घेऊन जात. काका बेसनाचे लाडू आणि नोंदणीचा फॉर्म घेऊन जात, आणि परत येऊन मला अहवाल देत. "माणसं चांगली आहेत हो ताई. पण नोंदणी नाही." स्वर असा, की घरात कोणाला काहीतरी गंभीर निघालंय.

नऊ नंबरमध्ये डॉक्टर दीक्षित राहायला आले तेव्हाचं संभाषण मी कुंपणाच्या अलीकडून ऐकलं आहे.

"अहो काका, आम्ही व्हिसावर आहोत. आम्हाला कुठलं मत?"

"पासपोर्ट भारताचा ना? कॉमनवेल्थ. चालतं. यादीत नाव घाला, तोच पासपोर्ट दाखवा, मत द्या."

"पण आम्ही इथले नाही ना. आज आहोत, उद्या परत जाऊ."

"कचऱ्याचा बिन कोण उचलतं तुमचा?"

"कौन्सिल."

"आणि कोपऱ्यावरच्या खड्ड्यात टायर कोणाचा फुटला?"

"माझा."

"कौन्सिल टॅक्स भरताना सांगितलंत का, आम्ही पाहुणे आहोत म्हणून?"

डॉक्टर हसले आणि विसरले. काका विसरले नाहीत. त्यांनी डॉक्टरांच्या रोहनला गाठलं. रोहन तेव्हा आठ वर्षांचा. त्यानं घरी जाहीर केलं की आईबाबांचं नाव यादीत जाईपर्यंत तो अंघोळ करणार नाही. पाचव्या दिवशी नाव गेलं. मतदान झाल्यावर शाई निघू नये म्हणून तो आणखी चार दिवस अंघोळीला गेला नाही. मिसेस दीक्षित मला म्हणाल्या, "मावशी, लोकशाहीला वास येतो हो."

त्याच रोहननं पुढच्या वेळी आजीला आणलं. आजी साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आलेली, नऊवारीवर जावयाचं जाकीट घालून रांगेत उभी राहिली. तिचं नाव यादीत असण्याचा प्रश्नच नव्हता. ती रागानं बाहेर आली आणि पोस्टपेटीपाशी बोट पुढे करून उभी राहिली. "एवढं चालवलंत, शाई तरी लावा." काकांनी बराच वेळ विचार केला. शेवटी शाई लावली आणि नोंदवहीत तिच्या नावापुढे लिहिलं, "मानद."

शाईचाही एक इतिहास आहे. सुजाता पाच वर्षांची असताना काकांनी या देशातलं पहिलं मत दिलं. दोरीला बांधलेल्या पेन्सिलीनं फुली मारली. "पेन्सिल! एवढं मोठं राज्य हे लोक पेन्सिलीवर चालवतात," हे आश्चर्य त्यांना शेवटपर्यंत पुरलं. बाहेर येऊन त्यांनी सवयीनं बोटाकडे पाहिलं. बोट कोरडं होतं. त्यांच्या आईला लिहितावाचता येत नसे. मत देऊन आली की ती आठ दिवस ते बोट भांड्यांच्या राखेला लागू देत नसे. चार बोटांनी भांडी घाशी. ही गोष्ट ते त्याच दिवशी घरी जाताना सुजाताला सांगत होते. ती म्हणाली, "मग मला लावा ना, बाबा." घरी बीट होतं. बिटाचा रंग संध्याकाळपर्यंत गेला आणि ती रडली. पुढच्या वेळी त्यांनी जांभळ्या कोबीचा केला, मग ब्लॅकबेरीचा, आणि शेवटी केकवर घालायचा जांभळा रंग आटवून त्यात कसलंतरी गुपित मिसळून ही शाई तयार झाली. ती चार दिवस टिकते. मी तपासलं आहे.

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करत असे. रोज दोन वर्तमानपत्रं वाचत होते, उमेदवारांची पत्रकं जपून ठेवत होते आणि मतदानाला जात नव्हते. कारण विचारलं तर सांगता आलं नसतं. काका म्हणत, "ताई, तुम्ही सगळं वाचून ठेवता आणि वापरत काहीच नाही." त्यांचा नियम कडक होता, मोठ्या माणसाला लहान माणसानंच आणायचं. मी एकटी. त्यामुळे अनेक वर्षं मी या नियमाच्या आडोशाला सुरक्षित होते. मग एका वर्षी ते दारात आले.

"ताई, तुम्हाला मूल नाही. हरकत नाही. मी एक देतो."

हे वाक्य दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी दार लावलं असतं. त्यांच्यामागे रोहनची धाकटी बहीण इरा उभी होती, सहा वर्षांची. दोन्ही पालक रोहननं आधीच वापरून टाकले होते. तिच्या वाट्याला कोणी उरलं नव्हतं.

"मावशी, तू आज माझा पालक आहे," ती म्हणाली. "शूज घाल."

मी शूज घातले. फाटकाशी तिनं मला थांबवलं. "फोटोवाला काहीतरी आणला?" मी परत जाऊन पासपोर्ट आणला. फुली मारून बाहेर आले तेव्हा इरा बोट वर धरून धावत होती आणि काका नोंदवहीत लिहीत होते. त्यानंतर दर निवडणुकीला इरा माझ्या दाराची बेल वाजवते. आता ती दहा वर्षांची आहे.

सगळ्या गल्लीचे पालक गोळा करणाऱ्या या माणसाचं स्वतःचं मूल मात्र त्याच्या हाती येत नव्हतं. भांडण असं काही झालं नव्हतं. चौदाव्या वर्षी मैत्रिणी हसल्या म्हणून सुजातानं हात खिशात घातला आणि म्हणाली, "बाबा, प्लीज, स्टॉप इट." अठराव्या वर्षी ती कार्डिफला शिकायला गेली, तिथेच नोकरीला लागली. आई गेल्यावर तिचं येणं कमी झालं. फोनवर दोघांना हवामानापलीकडे काही सुचत नसे.

फक्त मतदानाच्या दिवशी काका संध्याकाळी सातला स्टूल मिटत, माझ्याकडे चहा घेत आणि तिला फोन लावत. स्पीकरवर, कारण त्यांना ऐकू कमी येई.

"लागली का शाई?"

"हो, बाबा."

"बरं. जेव."

"तुम्ही पण."

एवढंच. एकदा फोन ठेवल्यावर ते कपाकडे बघत म्हणाले, "खोटं बोलते."

"कशावरून?"

"मत देऊन आलेला माणूस दोन वाक्यं जास्त बोलतो. तीस वर्षं बघतोय मी."

"मग विचारता कशाला?"

"विचारलं नाही तर फोन कशासाठी करू, ताई?"

मी चहात साखर घातली. ते बिनसाखरेचा घेतात हे मला ठाऊक होतं. त्यांनी तो तसाच पिऊन टाकला.

बुधवारी सुजाता आली. कपाटं उघडून पाहिली, बंद केली. फ्युनरलची तारीख दोन आठवड्यांनंतरची मिळाली होती. मी दिलेला वरणभात तिनं अर्धा खाल्ला. ती नोंदवही चाळत बसली आणि मी तिच्याकडे बघायचं टाळलं, कारण त्यात काय आहे ते मला माहीत होतं. प्रत्येक निवडणुकीचं वेगळं पान. डावीकडे मुलाचं नाव, मध्ये पालकांचं, उजवीकडे शाई लागली की बरोबरची खूण. प्रत्येक पानावर पहिली ओळ एकच: सुजाता, बाबा. सुरुवातीच्या काही पानांवर पुढे खूण आहे. नंतर नाही. ओळ मात्र त्यांनी एकदाही गाळली नाही. उद्याच्या पानावरही ती लिहून ठेवलेली होती. बाकी पान कोरं होतं.

गुरुवारी सकाळी बेल वाजली तेव्हा मी काकांच्याच घरी होते. पायरीवर इरा आणि तिच्यामागे सातआठ मुलं.

"मम्मीनं सांगितला, शाईकाका वारले," इरा म्हणाली. "आम्हाला माहिती आहे. पण इलेक्शन तर आहे ना?"

सुजाताचा हात दाराच्या कडीवर होता. मला वाटलं, ती दार लावेल. मी मुलांना काहीतरी समजावून परत पाठवायच्या तयारीत होते. मागून एक मुलगा म्हणाला, "माझे डॅड कारमध्ये बसलेत. ते लेट होतायत."

सुजातानं पिशवी उचलली.

ती दिवसभर पोस्टपेटीशेजारी बसली. पहिल्या दोन मुलांना तिनं अंगठ्याला शाई लावली, मग इरानं शिकवलं. डॉक्टर दीक्षित ड्यूटीवरून थेट मतदानाला आले. इरा मला घेऊन गेली. परत आल्यावर सुजातानं तिच्या नखावर रेघ ओढली, वहीत लिहिलं, खूण केली.

"मावशी, मला इथे देता येत नाही ना?"

"नाही. तुझं मत कार्डिफला."

"तिथे नाव नाही माझं. कधीच नव्हतं." ती बाटलीचं झाकण फिरवत होती. "बाबांना माहीत होतं का?"

"हो."

तिनं मान हलवली. काड्यांचा डबा उघडाच होता. इरानं एक काडी शाईत बुडवून तिच्यापुढे धरली. "तू पण लाव."

"मला नको. मी कोणाला आणलं नाही."

पहिल्या ओळीपुढे तिनं खूण केली नाही.

हे होऊन वर्ष झालं. मागच्या गुरुवारी कार्डिफला मतदान होतं. संध्याकाळी सातला मी चहा केला आणि फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"लागली का शाई?"

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"नाही, मावशी. फॉर्म टेबलावर आहे. भरायचा राहिला."

मग आम्ही पाऊण तास बोललो.

स्टूल सुजाता घेऊन गेली. नोंदवही आणि बाटली माझ्याकडे आहेत. बाटलीत निम्मी शाई आहे.