विषय : वरीलप्रमाणे

नळजोडणी खात्याच्या हेडक्लार्कांनी त्या शनिवारी ठरवलं, की आज जाऊन बघायचंच. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी लेक 'मीटअप'ला जाते म्हणजे नेमकं करते काय, या कुतूहलाने त्यांना दोन वर्षं छळलं होतं. आठवडाभर कॉम्प्युटरपुढे बसणारी माणसं सुट्टीच्या दिवशी जमतात आणि पुन्हा कॉम्प्युटरवरच बोलतात, तेही खुशीने! एकतीस वर्षांच्या नोकरीत हेडक्लार्क कधी रविवारी चार मित्र गोळा करून फायलींवर गप्पा मारत बसले नव्हते. (फायलींवर ते सोमवारीही नाइलाजानेच बोलत.)

"मी पण येतो," ते म्हणाले.

लेकीच्या हातातला चहा सांडता सांडता राहिला. "बाबा, आज नको. आज माझं पहिलं भाषण आहे, तुमच्याच खात्याच्या फॉर्मवर. आमच्या मॅनेजर समोर बसणार आहेत."

तो ऑनलाइन फॉर्म तिने सहा महिने खपून बनवला होता. भाषण जमलं तर पुढचं मोठं काम तिच्या हाती येणार होतं, नाही जमलं तर शेजारच्या टेबलावरच्या, फार बोलणाऱ्या मुलाच्या हाती जाणार होतं.

"अगं, ने की त्यांना," आई आतून म्हणाली. "तेवढीच दुपारभर मला शांतता."

शेवटी तीन अटींवर परवानगी मिळाली. शेवटच्या रांगेत बसायचं, तोंड उघडायचं नाही, आणि आपण कोणाचे वडील ते कोणाला सांगायचं नाही. हेडक्लार्कांनी इस्त्रीचा शर्ट चढवला आणि खिशाला दोन पेनं लावली.

मीटअप कुठल्याशा ऑफिसच्या कँटीनमध्ये होतं. साठेक माणसं, त्याहून जास्त वायरी. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर इतके स्टिकर, की खाली लॅपटॉप आहे हे विश्वासाने मानावं लागत होतं. शेजारच्या मुलीने स्वतःची ओळख इंटरनेटवरच्या टोपणनावाने करून दिली. खरं नाव विचारलं तर ती क्षणभर आठवत बसली. हेडक्लार्क हरखून गेले. समोर एकजण चुकलेला प्रोग्राम पडद्यावर दाखवत होता, आणि लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते! त्यांच्या खात्यात चूक झाली की आधी दार लावून घेत.

एवढ्यात एक कागद फिरत फिरत त्यांच्यापाशी आला.

आता, फिरता कागद समोर आला आणि हेडक्लार्कांनी सही केली नाही, असं आजवर घडलेलं नाही. (एकदा त्यांनी स्वतःविरुद्धच्या तक्रारीवर सही केली होती. खाली तारीखही घातली होती.) हजेरीच ती, असं समजून त्यांनी नाव लिहिलं. पुढे 'विषय' असा रकाना होता. वरच्या ओळीत कोणी काय लिहिलंय ते न वाचताच त्यांनी सवयीने लिहून टाकलं, 'वरीलप्रमाणे'.

वरची ओळ लेकीची होती. कागद बोलणाऱ्यांच्या यादीचा होता.

संयोजकाला सगळे नुसतं 'दाढी' म्हणत. दाढीने यादी वाचली आणि त्याचा चेहरा उजळला. "वा! 'नळजोडणीचा कागदाविना अर्ज', एकाच विषयावर दोन वक्ते! वयाचा मान म्हणून काका आधी. पाच मिनिटं!"

लेकीने मागे वळून पाहिलं. त्या नजरेत तिन्ही अटी होत्या. पण माइक हातात आला होता, आणि हातात आलेला कागद असो की माइक, परत पाठवणं हेडक्लार्कांच्या स्वभावात नव्हतं.

"अर्ज फार छान आहे," त्यांनी सुरुवात केली. "लोक घरी बसून भरतात, हिरवं बटण दाबतात. मग तो आमच्याकडे येतो. मी त्याची प्रिंट काढतो."

कोणीतरी फिसकन हसलं.

"दोन प्रती. पंचिंग करतो, टॅग लावतो, आवक क्रमांक टाकतो. मग टायपिस्टबाई ते सगळं बघून बघून आमच्या कॉम्प्युटरमध्ये पुन्हा टाइप करतात."

आता कँटीन हसत होतं. हेडक्लार्कांच्या बोलण्याला आजवर कोणी हसलं नव्हतं, त्यामुळे त्यांना चेव आला.

"अर्ज भरायला तीन मिनिटं लागतात म्हणे. आमच्याकडे फक्त अठरा दिवस!"

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत त्यांची नजर लेकीकडे गेली. ती हसत नव्हती. तिच्या लॅपटॉपवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'एकही कागद नाही'. शेजारी मॅनेजर भराभरा काहीतरी टिपून घेत होत्या. हेडक्लार्कांना एकदम उमगलं. पोरीचे सहा महिने त्यांनी चार मिनिटांत पाण्यात घातले होते.

"पण बटण अप्रतिम आहे!" ते घाईघाईने म्हणाले. "माझ्याच मुलीने केलंय!"

साठ माना लेकीकडे वळल्या. ती उठली, पुढे आली आणि तयार केलेलं भाषण तिने बंद करून टाकलं.

"बाबा, खाली बसू नका. प्रिंट का काढता?"

"फायलीला कागद लागतो."

"असं कोण म्हणतं?"

"परिपत्रक आहे. पहिला कॉम्प्युटर आला तेव्हाचं. मशिनचा काय भरवसा?"

"आणि ते लिहिलं कोणी?"

हेडक्लार्कांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मसुदा माझाच होता."

"एवढंच? परिपत्रक रद्द केलं आणि अर्ज थेट तुमच्या कॉम्प्युटरवर आला, तर?"

"तर दोन दिवसांत नळ," हेडक्लार्क म्हणाले, आणि हे आपल्याला आजवर कधी सुचलं कसं नाही याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

मॅनेजर ताडकन उठल्या. "सहा महिन्यांत आम्ही बटणाच्या पलीकडे बघितलंच नव्हतं. पुढचं काम तुझं. सुरुवात इथूनच कर."

पुन्हा टाळ्या. हेडक्लार्कांचा ऊर भरून आला. पोरीने बाजी मारली होती आणि त्यात आपलाही थोडा वाटा होता, अशी त्यांनी समजूत करून घेतली. तेवढ्यात लेकीने खडू घेतला आणि दुरुस्त करायच्या गोष्टींची यादी कँटीनच्या मेनूच्या फळ्यावर लिहायला घेतली. पहिल्याच ओळीत आलं, 'अडचण क्रमांक एक : बाबा.'

"ही सुटायला साधारण किती दिवस धरायचे?" दाढीने वही उघडत गंभीरपणे विचारलं.

"नक्की सांगता येत नाही," लेक म्हणाली. "आई अठ्ठावीस वर्षं त्यावर काम करतेय."